तोरूच्या शेपटीतला लाल धागा

प्रिय बुरुल एजे,

पत्र बघून घाबरू नकोस. हातपाय धड आहेत, काम चालू आहे, खोकला गेला. हे पत्र माझ्या खोलीत राहणाऱ्या शार्शेनच्या हाती देतोय. तो परवा निघतोय, त्याच्या दरीत जायच्या आधी आपल्या गावात उतरेल. फोन असताना याला पत्राचं खूळ कुठून आलं असं म्हणशील. पण आपल्या घरचा फोन तुला माहीत आहे. मी बोलायला लागलो की तू तो भाकरीच्या पिठाशेजारी उभा करून ठेवतेस, तुझी मेरिम मध्येच तोंड घालून दात दाखवते, मागून दाजी ओरडतात, "काय पहिलवान, आज किती पोती उचललीस?" आणि बाबा नुसते खोकतात. अशा गर्दीत माणसाला "बरा आहे" यापलीकडे काही बोलता येत नाही. या आठवड्यात मी पाच वेळा फोन लावला. पाचही वेळा हवेचं विचारून ठेवून दिला.

शिवाय थोरली बहीण म्हणून मला लिहायला तूच शिकवलंस. मास्तरांनी सातवीत हात टेकले होते. तू चुलीपुढे बसवून, राखेत बोट फिरवून अक्षरं गिरवून घेतलीस. तेव्हा चुका दिसल्या तर नेहमीसारखी हस. पुढचं वाचून हसशील असं वाटत नाही.

गेल्या रविवारी तू म्हणालीस, बाबांनी ठरवलंय, पहिला जाड बर्फ पडला की तोरूला कापायचं, हिवाळ्याचं मांस होईल, लंगडा घोडा सहा महिने खाऊन उभा ठेवणं परवडत नाही. आणि मग फोन कानाशी घेऊन बाहेर अंगणात गेलीस आणि हळू आवाजात म्हणालीस, "सुयून, माझ्या हातून गेला रे तुझा घोडा. मला माफ कर." मी काय म्हणालो आठवतं? मी म्हणालो, "जाऊ दे आता." केवढा मोठेपणा! इथे शीतगोदामात कोबीच्या पोत्यांवर बसलो होतो, तिथून उठवेना. मुकादम येऊन म्हणाला, "घरी कोणी गेलं का?" मी नाही म्हणालो.

तोरूला आपण आणला तो दिवस आठवतो? माझ्या पहिल्या वर्षाच्या कमाईचा घोडा. सगळे म्हणाले, छप्पर घाल, गाय घे. मी घोडा घेतला. कारण तो रेवाल चालीचा होता, पाठीवर भरली चहाची वाटी घेऊन बसलं तरी थेंब सांडत नाही अशा चालीचा. आणि पंधरा दिवस त्याच्यावर मिरवून मी परत निघून आलो. घोडा माझा, ओळख माझी, आणि राबणं तुझं. कधी विचारच केला नाही की तुझ्या दिवसात तो बसवायचा कुठे. पहाटे उठून दोन मुलांचं आवरायचं, मग शाळेच्या स्वयंपाकघरात साठ पोरांचं सूप, दुपारी बाबांचं घर, दाजी ट्रकवर आठ-आठ दिवस गायब, म्हाताऱ्या मोयनोक कुत्र्याला दात नाहीत म्हणून त्याची भाकरी भिजवायची, उचारला रोज माळावर धावायला सोडायची, नाहीतर शिकारी कुत्री दाराची लाकडं खाते. आणि या सगळ्यात माझे फोन: आज फिरवला का? किती वेळ? घाम आला होता का? गवत कोरडं होतं ना?

आणि वरून माझा हुकूम, की तोरूवर कुणी बसायचं नाही, चाल बिघडते. नुसता लगाम धरून फिरवायचा. दोन वर्षं तू रोज नदीपर्यंत घोड्याच्या बाजूने पायी चालत गेलीस आणि पायी आलीस. दुकानावरची माणसं म्हणायची, "बुरुल, घोडा दमला असेल, त्याला पाठीवर घे." हे तूच मला हसत हसत सांगितलंस. मीपण हसलो होतो.

एकदाच बसलीस तू त्याच्यावर. सप्टेंबरात, उचार अडली त्या दिवशी. पहिलं पिल्लू आडवं आलं होतं, कुत्री विव्हळत होती, गुरांचा डॉक्टर वरच्या वाडीत, दाजी नाहीत, बाबा कुरणावर. तू तोरूवर बसून गेलीस आणि डॉक्टरला घेऊन आलीस. तू शंभरदा सांगितलंस की चालवतच नेला, पळवला नाही. परत आल्यावर त्याला ओढ्याकाठी लांब दोरीवर चरायला बांधलास आणि संध्याकाळपर्यंत उचारपाशी बसलीस. पाच पिल्लं झाली, चार जगली. दुसऱ्या दिवशी तोरू जागचा हलेना. पुढचे दोन्ही खूर तव्यासारखे तापलेले. बाबा कुरणावरून उतरले, खुरांना हात लावला आणि विचारलं, "काल यावर कोण बसलं होतं?" तू म्हणालीस, मी. "कशाला?" उचारसाठी. बाबा म्हणाले, "कुत्रीच्या बाळंतपणासाठी रेवाल घोडा दौडवलास? आणि तापलेल्या अंगाने गवतापाण्यात सोडलास? तुला कोणी शिकवलं नव्हतं?" आणि दोरी तुझ्या हातातून काढून घेतली. ते एवढंच बोलले, पण तू फोनवर सांगताना त्या दोरीचंच तीनदा सांगितलंस.

आपल्याकडे चालायला लागलेल्या पोरालाही माहीत असतं, की दमलेला घोडा आला की मान उंच करून बांधायचा, खोगीर काढायचं नाही, दुसऱ्या सकाळपर्यंत ना पाणी ना गवताची काडी. नाहीतर ती ऊब खुरांत उतरते आणि घोडा संपतो. हे तुला माहीत नसेल? मला तर पाचव्या वर्षी तूच सांगितलं होतंस. तरी मी त्या दिवशी फोनवर तुझ्यावर ओरडलो. "तुला एक घोडा सांभाळता येत नाही? कुत्री मेली असती तर दुसरी मिळाली असती!" मुलं ऐकत होती. तू रडलीस आणि म्हणालीस, "मला वाटतं मी चालवतच नेला होता, पण घाईत असेन, कळलं नसेल." एजे, माझ्या ओरडण्यामुळे तू तुझ्याच आठवणीवर अविश्वास दाखवायला लागलीस.

आणि त्याच फोनवर तू एक सांगितलंस, सहज, बोलता बोलता. तोरूच्या शेपटीत लाल लोकरीचा धागा अडकलेला सापडला, मेरिम त्याच्याशी खेळत बसली असणार, तिनेच पाण्याकडे नेला असेल असं वाटून तू तिला दोन लगावल्यास. ती म्हणत राहिली, "मी नाही बांधला, मी नाही बांधला." खोटं बोलते म्हणून आणखी एक. त्या धाग्याचं ऐकलं आणि मी फोन ठेवून दिला. तुला वाटलं मी अजून रागावलोय.

आता जे सांगतोय ते नीट बसून वाच.

जुलैत गवत कापायला ये म्हणून बाबांनी निरोप धाडला होता. मी सांगितलं, सुट्टी मिळत नाही. खोटं नव्हतं ते, तेव्हा खरंच मिळाली नाही. बाबांनी आणि तू दोघांनीच सगळा उतार कापला, बाबांची कंबर त्यातच धरली. सप्टेंबरात मात्र सुट्टी मिळाली. सहा दिवस. शार्शेनच्या भावाचं लग्न होतं आणि लग्नात रेवाल घोड्यांची शर्यत. इथे आम्ही बारा जण एका खोलीत राहतो, आणि दोन वर्षं मी बाराही जणांना तोरूचे फोटो दाखवत आलो. शार्शेन म्हणायचा, "याचा घोडा फोनमध्येच धावतो. चारा लागत नाही, चार्जर लागतो." सगळी खोली हसायची. एवढ्यासाठी, एजे. आणखी काही मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

गवताला आलो नाही आणि शर्यतीला आलो, हे कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून ठरवलं, आधी जिंकायचं, मग गळ्यात हार घालून सरळ घरी जायचं. जिंकलेल्याला कोणी काही विचारत नाही. उचार अडली त्याच दिवशी सकाळी मी शार्शेनच्या गाडीतून ओढ्याच्या वळणावर उतरलो. झाडांतून पाहिलं, तू तोरूला बांधत होतीस. बांधलास, त्याच्या कपाळावर कपाळ टेकवलंस, आणि घराकडे पळालीस. मला वाटलं, एवढी कसली घाई. उचारचं मला काय ठाऊक. तू दाराआड गेलीस आणि मी दोरी सोडली. गाडीतून आणलेलं खोगीर चढवलं, खिंडीतून पलीकडे गेलो. शर्यतीआधी बांधतात तशी शेपूट बांधली, लाल लोकरीने.

चौथा आलो. वीस घोड्यांत चौथा. वाईट नाही म्हणतील लोक, पण चौथ्याला हार नसतो. तोरूने जीव तोडला होता. मी शेवटच्या वळणावर त्याला चाबूक मारला, ज्याला तू कधी आवाजसुद्धा चढवला नाहीस. मग लगेच खिंड चढून परत. शार्शेनचा चुलता आपल्या ओढ्याच्या वळणावरून शहराकडे निघणार होता, ती एकच गाडी. ओढ्याशी पोचलो तेव्हा तोरूच्या छातीवरून घाम टपकत होता.

मला काय करायचं ते माहीत होतं. मान उंच, खोगीर अंगावर, पाणी नाही. पण तसा बांधला असता तर तू येऊन पाहिलं असतंस आणि सगळं कळलं असतं. म्हणून मी खोगीर काढलं, शेपूट सोडली, गवताच्या मुठीने पाठ पुसली आणि त्याला जसा होता तसा त्याच लांब दोरीवर, त्याच खुंटीला बांधला, ओढ्याच्या काठी. मागे वळून पाहिलं तर तो पाणी पीत होता. मी थांबलो नाही. घराच्या धुराड्यातून धूर येत होता. दोनशे पावलं असेल. मी गाडीकडे पळालो. एवढी अक्कल लावली आणि धागा मात्र राहिला.

तुझा फोन आला तेव्हा मी रस्त्यातच होतो, इथे पोचलोही नव्हतो. तू ज्याची माफी मागत होतीस तो माणूस हा असा.

शर्यतीचं शार्शेनला सगळं ठाऊक आहे. घोडा लंगडला आणि ठपका तुझ्यावर आला हे मी त्याला आत्ता सांगितलं. त्याने चहा खाली ठेवला आणि म्हणाला, "दोन महिने तू बहिणीला हे वाहायला लावलंस?" पत्र घेऊन तोच येतोय. बाबांनी विश्वास ठेवला नाही तर तो समोर उभा राहून सांगेल.

तोरू तुला दिला असं लिहिणार होतो. लिहून खोडलं, दिसेल तुला. लंगडा घोडा देऊन मी कसला दानशूर, तुझ्या गळ्यात आणखी एक काम. म्हणून देत नाही, विचारतोय. डॉक्टर म्हणाला होता ना, सकाळ-संध्याकाळ थंड ओढ्यात उभा केला तर वसंतापर्यंत चालेल, धावणार नाही. चालला तर त्याच्यावर बसून शाळेत जा, सूप ढवळून त्याच्यावरच बसून घरी ये, दुकानावरून तर मुद्दाम जा. आणि नको असेल, झेपत नसेल, तर कापू दे. पण ते तू ठरव, बाबा नको आणि मी तर नकोच. उचारला मात्र कोणाला देऊन टाकू नकोस. तिने काही केलं नाही. मी नव्या वर्षाच्या सुट्टीत येतोय, दिवसाउजेडी, रस्त्यावरून. बाबांना चाबूक हाताशी ठेवायला सांग.

हे सगळं लिहिलं ते एवढ्यासाठी: बर्फ पडायच्या आत हे पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखव. त्यांना वाचता येत नाही आणि मला बोलता येत नाही, म्हणून आवाज तुझाच लागणार. मधला काही भाग गाळू नकोस, मला वाचवायला म्हणून तर अजिबात नको. वाचून झालं की हात पुढे कर आणि दोरी परत माग. आणि वाचताना मेरिमला जवळ बसव. तिला सांग, तू खरं बोलत होतीस, लाल धागा मामाने बांधला होता.

तोंड लपवून बसलेला, तरी तुझाच,
सुयून