चौदा खाचांचे कपाट

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू पुढीलप्रमाणे : हे राहते घर, पाया आणि विजेच्या तारा सोडून (पाया वडिलांनी घातला, तारांना परवानगी मिळाली नाही), स्वयंपाकघरातली ओकची फडताळे, एकही खिळा न मारता, मुलाचा पाळणा, एकोणीस बंदुकांचे अक्रोडी दस्ते, चकमकीवर उडणारी एक अख्खी बंदूक, नळीपासून शेवटच्या स्क्रूपर्यंत, आणि बैठकीतले चौदा खाचांचे कपाट. ही यादी आधी दिली, कारण पुढे ज्याची वाटणी करायची आहे त्यातले बरेचसे विकत घेतलेले आहे, आणि विकत घेण्याच्या बाबतीत माझ्या शब्दावर कोणी विसंबू नये.

मी, ऑरिन हेट्रिक, वय अठ्ठावन्न, कारखान्यात साचे घडवणारा कारागीर, राहणार पॉटर काउंटी, पेनसिल्व्हेनिया, लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे आणि हा कागद कोणी माझ्याकडून लिहवून घेतलेला नाही. वसंतात हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवली, तेव्हापासून हे काम डोक्यात होते. अकरावीत शाळा सोडली. दस्ते कोरायला ग्रंथालयातल्या पुस्तकांवरून शिकलो, मृत्युपत्र लिहायलाही तसाच शिकलो. वकिलाच्या छापील नमुन्यात दोन अशुद्ध शब्द होते आणि त्याचे तो चारशे डॉलर मागत होता. माझे १९८९ सालचे मृत्युपत्र या कागदाने रद्द होते.

कागदाचा हेतू एकच. माझ्यामागे माझी पत्नी डार्लीन हिला कोणी फसवू नये. पहिला फसवणारा मीच होतो, म्हणून खुलासा सविस्तर करतो.

कलम १. घर, त्याखालची पावणेदोन एकर जमीन, बँकेतली शिल्लक आणि ट्रक डार्लीनला. मागच्या पायऱ्यांपैकी तिसरी, खालची जमीन गोठून, दर वसंतात वर येते. ती ठोकू नये, खालचे दगड काढावेत. स्वयंपाकघरातली जमीन अजून १९७८ सालच्याच लिनोलियमची आहे. तिचे कारण कलम ३ मध्ये येईल.

कलम २. हत्यारे आमचा मुलगा वेड याला. पटाशा त्यांच्या कापडी गुंडाळीत ठेवाव्यात. धार लावताना पाणी वापरावे, तेल नाही. माळ्यावर अक्रोडाच्या सहा फळ्या आहेत, १९९४ सालापासून सुकताहेत. त्यांची घाई करू नये. हत्यारे उसनी देऊ नयेत, आणि लायलला तर नाहीच. लायल बर्केट हा डार्लीनचा भाऊ.

कलम ३. बंदुका.

आमच्या भागात हरणांच्या शिकारीचा पहिला सोमवार आला की शाळा बंद असते. इथे घरात बंदूक असण्याचे कोणाला नवल नाही. पण शिकारीला एक पुरते, फार तर दोन. २००३ साली माझ्याकडे एकतीस होत्या. शिकार मी तोवर सोडलीही होती. मला त्यांची घडण आवडते. शंभर वर्षांपूर्वी कोणी तरी कानशीने घासलेला सांधा, ज्यात आजही कागद सरकत नाही, तो पाहिला की माझे हात आपोआप पाकिटाकडे जात. घरी येताना रस्त्यात मी किंमत ठरवत असे, डार्लीनला सांगायची. अकराशेची असली की दीडशे. आमच्यातले बहुतेक पुरुष हेच करतात आणि त्यावर हसतात. मीही हसत होतो.

त्या वर्षी फेब्रुवारीत माझ्या पाठीच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली. मी इस्पितळात असताना घर तापवणारी भट्टी बंद पडली. बाहेर उणे वीस. डार्लीनने मला त्रास नको म्हणून न विचारता एक रायफल विकली आणि भट्टी दुरुस्त करून घेतली. संध्याकाळी येऊन खुर्ची पुढे ओढून बसली.

"ती कोपऱ्यातली विकली, पितळी पट्टीवाली," ती म्हणाली. "तू एकशे पंचाहत्तरला घेतली होतीस ना? मी दोनशेला दिली. पंचवीस वर काढले."

"कोणाला दिलीस?"

"लायलला. एका शब्दानं घासाघीस केली नाही बिचाऱ्यानं."

ती रायफल मी एकोणीसशे डॉलरला घेतली होती. मी म्हणालो, "छान केलंस." मणका शिवलेल्या माणसाला कूस बदलता येत नाही, म्हणून मी छताकडे बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी लायल डोनटचा खोका घेऊन भेटायला आला. माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत म्हणाला, "लवकर बरा हो." त्याला बंदुकांतले माझ्याइतकेच कळते.

घरी आल्यावर आठ दिवसांनी मी डार्लीनला सगळे सांगितले. ती ओरडली नाही. तिने विचारले, "म्हणजे लायलनं मला फसवलं?"

"हो."

"नाही. लायल तुझ्या शब्दावर चालला. मीही तुझ्याच शब्दावर चालले."

मग तिने टेबलाच्या खणातून दोरी लावलेल्या चिठ्ठ्या काढल्या, जॅमच्या बरण्यांना बांधतो तशा, आणि मला एकेक बंदूक आणायला लावली. तीन दिवस लागले. मी खरी किंमत सांगायची, तिने लिहायची. तिने बेरीज केली नाही. ती मीच केली, आणि मी मान खाली घालून केली. शेवटच्या चिठ्ठीला गाठ मारताना ती एवढेच म्हणाली, "जमिनीसाठी मी ज्या फरशा बघून आले होते, त्यांचा नमुना अजून फडताळात आहे. राहू दे, तुझी हौस आधी भागू दे."

त्यानंतर सोळा विकल्या, क्रेडिट कार्डांवरचे देणे फेडले, चौदा उरल्या. त्या चौदांसाठी मी कपाट केले. खाचांची पट्टी चेरीच्या एकाच फळीतून काढली आहे, अशा हिशेबाने की पंधरावी खाच पाडायला गेले तर फळी चिरते. मला माझ्या मनाचा भरवसा नव्हता, लाकडाचा होता. एक आत यायची असेल तर एक बाहेर जाईल, हा नियम.

नियम मोडला ते लिहिणे भाग आहे. २००७ साली मी पंधरावी घेतली आणि नऊ दिवस गाडीच्या मागच्या कप्प्यात घोंगडीत गुंडाळून ठेवली. दहाव्या दिवशी सांगितले. डार्लीन म्हणाली, "गाडीत थंडी वाजत असेल तिला. माझ्या जागेवर झोपव, मी सोफ्यावर जाते." दुसऱ्या दिवशी मी ती तोट्यात परत केली. त्यानंतर आजतागायत नाही.

हौस गेलेली नाही. वेडलाही ती लागली आहे, म्हणून उपाय लिहून ठेवतो. मोह झाला की मी माळ्यावरून अक्रोडाचा तुकडा काढतो आणि कोणाचा तरी दस्ता करायला घेतो. एका दस्त्याला साठ तास लागतात. साठ तासांनी मोह बहुतेक उतरलेला असतो. दुसरा उपाय गर्दीसाठी. आमच्या गावचे अग्निशमन मंडळ स्वयंसेवकांचे आहे. दरवर्षी पाण्याच्या बंबासाठी त्यांच्या सभागृहात बंदुकांची सोडत होते. दर दहा मिनिटांनी एक बंदूक, आणि तिकीट हातोहात. मंडळाचा सभासद म्हणून मला घरी बसता येत नाही. म्हणून मी वाढप्यांत उभा राहतो आणि दोन्ही हातांनी कोबी-नूडल्स वाढतो. गावात बंदुकांचे दुकान चालवणारा व्हर्नन शेफर मंचावरून चिठ्ठी काढत हाक मारतो, "ऑरिन, ठेव ती पळी, तिकीट घे."

"माझे हात कोबीत आहेत."

"जन्मभर कोबीतच राहा."

असे आम्ही आठ वर्षे बोलतो आहोत.

या कलमाचा निर्णय असा. चौदांपैकी चकमकीची बंदूक वेडला. ती मी केली आहे, तिची किंमत लावू नये. कपाटही वेडला, या अटीवर की त्याला दुसरे जोडू नये. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला, "बाबा, एक स्वस्तात मिळतेय." मी म्हणालो, "स्वस्त हा शब्द मला ऐकवू नकोस. तुझ्या बायकोला आकडा सांगितलास का?" त्याने लगेच माझ्या तब्येतीची चौकशी सुरू केली. वेड, हे वाचशील तेव्हाही तुला त्याचे उत्तर द्यायचे आहे, मला नव्हे, तिला.

उरलेल्या तेरा विकाव्यात आणि पैसे डार्लीनचे. प्रत्येक चिठ्ठीवर मी घेतलेली किंमत डार्लीनच्या हस्ताक्षरात, आणि आजची किंमत व त्याहून खाली जाऊ नये असा आकडा माझ्या हस्ताक्षरात आहे. व्यवहार दुकानामार्फत, घेणाऱ्याची रीतसर तपासणी करून व्हावेत. व्हर्ननने देखरेख करावी. तो या कागदाचा साक्षीदार आहे, म्हणून त्याने स्वतः एकही घेऊ नये. विकण्याआधी कोणी त्या चमकवू नयेत. जुन्या लोखंडावरचा तपकिरी रंग म्हणजे मळ नव्हे. तो घासून काढला की निम्मी किंमत जाते. पहिल्या पैशांतून स्वयंपाकघराची जमीन करावी. कोणाला विचारत बसू नये.

कलम ४. लायल बर्केट याला मी काही देत नाही. त्याचा वाटा त्याला २००३ साली पोचला. अंत्यविधीला त्याने यावे, जेवून जावे. डार्लीनला एकच भाऊ आहे.

कलम ५. मला पुरताना सोबत काही ठेवू नये. शवपेटी मी अर्धी केली आहे. पूर्ण झाली नाही तर वेडने करावी. झाकणाचे सांधे पारव्याच्या शेपटीसारखे पसरट आहेत, डिंक लावण्याआधी एकदा कोरडे बसवून पाहावेत.

हा कागद आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पॉटर काउंटीत, शनिवार १९ नोव्हेंबर २०११ रोजी मी पूर्ण वाचून दाखवला आणि सही केली.

सही : ऑरिन हेट्रिक

त्याच्या आणि एकमेकांच्या डोळ्यांदेखत आम्ही सह्या केल्या :
व्हर्नन शेफर, दुकानदार
फिलिस गार, शाळेच्या बसच्या निवृत्त चालक, शेजारीण

सह्यांनंतरची नोंद, त्याच दिवशी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. पेनाला टोपण लावता लावता व्हर्नन म्हणाला, "आता कागद झालाच आहे तर सांगतो. शेजारच्या काउंटीतली एक बाई आहे, नवरा गेला उन्हाळ्यात. तिच्याकडे तीन नळ्यांची जर्मन शिकारी बंदूक आहे, सासऱ्यानं लढाईहून आणलेली. बाजूला कोरलेलं हरीण. सोमवारी दुकानात आणतेय, कवडीमोलात देतेय. मी तुझं नाव सांगू?"

मी विचारले, कोरीव काम झिजलेय का. मग विचारले, दस्ता मूळचा आहे का. हे दोन्ही प्रश्न विचारायची गरज नव्हती. मोरीपाशी डार्लीनने नळ बंद केला.

"तिला किमतीचा आकडा कोणी सांगितला?" मी विचारले.

"नवऱ्यानं," व्हर्नन म्हणाला, आणि मग टोपणाकडे बघत राहिला.

फिलिसबाई म्हणाल्या, "मग आता खरा आकडा तिला कोण सांगणार, पुरुषांनो?"

व्हर्ननने नंबर दिला. फोन मी केला. बाईंना साडेतीन हजारांच्या खाली देऊ नका असे सांगितले आणि त्यांना लिहून घ्यायला लावले. त्यांनी आकडा परत वाचून दाखवला. दोन्ही साक्षीदारांनी या नोंदीखाली पुन्हा आद्याक्षरे केली आहेत.

मी नाकारले ते असे : तीन नळ्यांची जर्मन बंदूक, मूळ दस्त्यासह, हरीण न झिजलेले. मागितलेली किंमत, तीनशे डॉलर.