असमानतेची डावी बाजू

३, गुरुवार

दवाखान्यात वीज आज चार वेळा गेली. उकाडा असा की खिडकीचे गज हात लावू देत नाहीत. लसींचा फ्रीज दुपारी ७.६ अंशांवर — आठच्या वर गेला की बाटल्या वाया. आणि फ्रीज सहीनिशी माझ्या ताब्यात. शेवटी आतला काटा ३ वरून ६ वर फिरवला, म्हणजे जास्त थंड. बाटल्यांच्या भोवती बर्फाच्या पिशव्या रचल्या.

कंपाउंडर म्हणाले, "सिस्टर, सासूची तरी एवढी सेवा केली होती का?" नव्हती केली.

५, शनिवार

सकाळी ४.२, संध्याकाळी ५.१. दारावरच्या तक्त्यात लिहिलं. जीव भांड्यात पडला.

७, सोमवार

चिमणीचा गृहपाठ — रोजच्या आयुष्यातल्या पाच असमानता लिहा. मला वाटलं समाजशास्त्र! तर निघालं बीजगणित. लिफ्टमधली माणसं ≤ ६. शाळेत पोचायची वेळ < ७:१०. बाबांच्या स्कूटरवर माणसं ≤ २, आणि पुढे कंसात "फक्त कागदावर". चौथी आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची. पाचवी सुचेना. "आई, तुझ्या फ्रीजची सांग ना."

मी कणीक मळत होते. म्हटलं, आठच्या वर जाता कामा नये, बस. तिने लिहिलं: त ≤ ८. त म्हणजे तापमान. छान दिसत होतं वहीत.

८, मंगळवार

लसीकरण. तेरा मुलं. वीज तीनदा गेली. ५.४.

११, शुक्रवार

चौदा मुलं. पाय सुजलेत.

१२, शनिवार

सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी डबा भरताना चिमणीने वही ओट्यावर आपटली. "तुझ्यामुळे अर्धा मार्क गेला." फ्रीजच्या असमानतेखाली बाईंचा लाल शेरा — "अर्धंच लिहिलंस. मग उणे दहा चालेल का?"

मी हसले. "चालेल कसं? गोठली की लस मेली." बोलून गेले आणि हातातला डाव तसाच राहिला.

मला माहीत नाही असं थोडंच आहे! दारावर ठळक लिहिलंय, २ ते ८. प्रशिक्षणात मीच इतरांना सांगते. पण नऊ दिवस मी फक्त आठकडे बघत होते. काटा सहावरच होता. दिवसा वीज जायची म्हणून निभावलं, पण रात्रभर वीज असायची आणि बघायला कोणी नाही. मी लिहिते ते सकाळी नऊचं आणि संध्याकाळी पाचचं. एकही आकडा खोटा लिहिला नाही, शपथ.

धावत गेले. थर्मामीटरच्या कडेला एक बटण आहे, आजवरचं सर्वांत कमी तापमान दाखवतं. तक्त्यात त्याचा रकानाच नाही, म्हणून ते कोणी दाबत नाही. दाबलं. −१.४.

तेच बटण तीन सेकंद धरून ठेवलं की आकडा पुसला जातो. खोलीत मी एकटी होते. इथे खोटं कशाला लिहू — दोन सेकंद धरलं होतं.

मग सोडलं आणि डॉक्टर मॅडमना हाक मारली. मॅडमनी एक बाटली मुद्दाम गोठवली, वितळू दिली. ती आणि आपल्या साठ्यातली एक, दोन्ही हलवून शेजारी शेजारी ठेवल्या. चांगल्या लसीचा गढूळपणा टिकतो. आमची बाटली अर्ध्या तासात खाली साका धरून वर पाण्यासारखी नितळ. अगदी त्या गोठवलेल्या बाटलीसारखी. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. खुर्ची ओढून त्यांनी लसीकरणाचं रजिस्टर उघडलं.

म्हणजे सुई टोचली, पोर रडलं, आईने कार्ड जपून ठेवलं — आणि संरक्षण शून्य.

उरलेल्या बाटल्या बाद केल्या. तापमान कागदावर उतरवून मग बटण धरून आकडा पुसला. काटा परत ३ वर. मॅडम म्हणाल्या, फ्रीज काही दिवस रिकामाच चालवू, बटण रोज बघत जा. नवी लस शेजारच्या केंद्रातून बर्फाच्या डब्यात आणायची.

१३, रविवार

कुठली मुलं परत बोलवायची? थर्मामीटर आकडा सांगतं, दिवस सांगत नाही. चिमणीनेच पेन घेतलं. "गोठली तो दिवस द धर." मग लिहिलं: ३ ≤ द ≤ १२. या वेळी दोन्ही बाजू, मुद्दाम गिरवून.

"पण आई, ३ कशावरून?"

"मी काटा फिरवला ती तारीख. माझ्याच हाताने झालंय ना."

"१२ कळलं, तू तेव्हा बघितलंस. ३ ला कोणी बघितलं?"

वैतागले तिच्यावर. प्रत्येक गोष्टीत फाटे फोडायचे!

चार, आठ आणि अकरा तारखेची मुलं. चौदा, तेरा, चौदा. एक्केचाळीस.

धाकट्या बहिणीचा फोन आला, तिच्या कानावर गेलंच होतं. तिची बाळी अडीच महिन्यांची. "ताई, आमचं काय?" रजिस्टर माझ्यासमोरच होतं. बाळीच्या लसीची तारीख १. म्हटलं, तुझी सुटली. "नक्की ना?" म्हटलं, गणिताने नक्की. ती रडायलाच लागली. मलाही इतकं हलकं वाटलं की लाज वाटली. इतकी घरं जीव मुठीत धरून बसलीत आणि मी आपल्याच पोरीचा हिशेब आधी बघितला.

१५, मंगळवार

दारोदार. सगळीकडे एकच वाक्य पाठ केलंय — "चूक माझी आहे, बाळाला परत टोचावं लागेल." जुळ्यांची आई म्हणाली, "दोघांना परत? आधी तुम्ही टोचून घ्या." दार लावलं. मी पायरीवर बसून राहिले. थोड्या वेळाने तिनेच पाणी आणून दिलं.

एकोणीस झाली.

१८, शुक्रवार

तेहतीस. फ्रीज रोज बघते. सर्वांत कमी ३.१. शहाण्यासारखा वागतोय. काटा नीट ठेवला की झालं — एवढी साधी गोष्ट!

२१, सोमवार

एक्केचाळीस. शेवटचं बाळ टोचल्यावर हसलं. मॅडम म्हणाल्या, सिस्टर, आता घरी जाऊन झोपा. चिमणीला आईस्क्रीम दिलं, अर्ध्या मार्काची भरपाई म्हणून.

२२, मंगळवार

सकाळी सवयीने बटण दाबलं. −१.६.

काटा ३ वरच आहे. कालपासून वीज एकदाही गेलेली नाही. बर्फाची एकही पिशवी आत नाही. मी हात लावला नव्हता.

म्हणजे फ्रीज मुळातच बिघडलेला आहे, कधीपासून ते कोणालाच माहीत नाही. १२ तारखेआधी ते बटण आम्ही कधीच दाबलं नव्हतं, आणि थर्मामीटर लावून तीन वर्षं झालीत.

द ≤ १२. डावीकडे लिहायला तारीख नाही.

बाळीची १ होती.