उलट्या धारेची सुरी

मंगळवार, संध्याकाळ

चि. चिमण्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. पन्नाशी उलटली तरी मला तू चिमण्याच, नाक मुरडू नकोस. इकडे सगळं ठीक. बाबाही ठीक, म्हणजे आहेत. त्यांचं पुढे लिहिते.

आधी हे ऐक. बाबांची खाट त्यांच्या कामाच्या खोलीत हलवली. जागा करताना फळीमागे तेलकट फडक्यात गुंडाळलेलं एक हत्यार सापडलं. लाकडी मूठ, पुढे आकड्यासारखं वळलेलं पातं. बाबा लाकडी पळ्या कोरायचे त्या सुरीसारखंच, पण लाकडावर नुसतं घसरतं. "कशाचं हो हे?" विचारलं, तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

झालं, माझ्या जिवाला चैन पडेना. त्या हत्याराने भोपळ्याचा गर काढून पाहिला, कुंडीतलं तण उपटून पाहिलं, शेवटी अंगठा कापून घेतला. लोहार म्हणाला, "आजी, कुणा येड्याने उलट्या बाजूने धार लावलीय. मोडीत घाला." शेजारच्या मास्तरांनी चष्मा पुसून पुसून निकाल दिला, "घोड्याचे खूर साफ करायचं असावं." आता आपल्याकडे घोडा कधी होता रे?

बाबांचं सांगायचं राहिलं. पोटात काही ठरत नाही. डॉक्टर माझ्याशी बोलताना हल्ली खाली बघतात.

काल नर्सबाई बाबांचं अंग पुसायला आली. तिने ते हत्यार सहज उचललं, डाव्या हाताने. ती सगळंच डाव्याने करते. लाकडाच्या तुकड्यावर फिरवलं, तर काय सांगू, पातळ साल वळत वळत बाहेर आली!

"त्याच्या हाताची आहे ती," बाबा म्हणाले. "तो गेल्यावर केली."

तुझा डावा हात सुतळीने स्टुलाला बांधणारे हेच. "डावरा कारागीर माझ्या खोलीत नको" म्हणून तुला घालवणारेही हेच. मला तर रडावं की भांडावं कळेना.

"चिमण्याला कळवू?" मी विचारलं. चिमण्या, ते "नको" म्हणाले नाहीत.

तेव्हापासून मी नुसत्या येरझाऱ्या घालतेय. फाटक वाजलं की उठते. हे पत्र लिहितानाही उठले, दूधवाला होता.

सुरी आता त्यांच्या उशाशी आहे. मी दोनदा उचलून ठेवली, दोन्ही वेळा त्यांनी हात लांबवून ती फिरवली. पातं स्वतःकडे, मूठ दाराकडे.

निघताना कळवत बसू नकोस, नुसता नीघ.

तुझी, आणि या खेपेला बाबांच्याही वतीने,
ताई