दोन हजार एकशे पंचवीस किलोमीटर

३ मार्च
वही, माफ कर. सतरा दिवसांनी उघडतोय. चिमीच्या हृदयाची झडप बदलायची ठरली, तेव्हापासून पेन धरवत नव्हतं. ऑपरेशन बारा तारखेला दुपारी दोनला, तिकडे परदेशात, तिच्या शहरात. फोनवर म्हणाली, "बाबा, आत नेण्याआधी एकदा माझा हात धरा. मग काय व्हायचं ते होऊ दे." शब्द दिला. तीस वर्षं ट्रक चालवला, एकदाही माल उशिरा उतरवला नाही.

५ मार्च
अंतर काढलं. २१२५ किलोमीटर. ट्रकने चार दिवस. विमान ताशी साडेसातशे. भागाकार तीनदा केला. दोन तास पन्नास मिनिटं. सातवी नापासाला एवढं पुरे.

६ मार्च
ही म्हणते, दोघं आदल्या दिवशीच जाऊ. म्हटलं, जावयाकडे गर्दी कशाला? तू हो पुढे. मी बाराला सकाळी साडेदहाच्या विमानाने निघतो, एक वीसला उतरतो. तिथून इस्पितळ टॅक्सीने दहा मिनिटं. विमानाची भीती अजिबात नाही. उगाच लवकर बसायचं नाही, इतकंच.

८ मार्च
तिकीट आलं. पोहोचण्याच्या रकान्यात २.५०. म्हणजे प्रवासाला लागणारा वेळच तिथे छापलाय. तिकीटवाल्याला फोन केला. तिकीट बरोबर आहे आजोबा, म्हणाला, आणि ठेवून दिला. चूक कबूल करायला छाती लागते. मीच पेनाने खोडून १.२० केलं.

१० मार्च
हिच्याबरोबर उद्याच जावं का? पण जागा उरली नसणार. विचारलं नाही. नसणारच.

११ मार्च, संध्याकाळी सहा
ही पोहोचली. म्हणते, इथे साडेसात वाजलेत, केव्हाच अंधार पडला, गणित पुन्हा मांडा. म्हटलं, जावयाला घड्याळ पुढे लावून ठेवायची सवय असेल. म्हणाली, इस्पितळातलंही पाहिलं. मग तेही पुढे असेल. "तुमच्यापुढे डोकं फोडून घेतलं तरी तुम्ही कपाळापासून भिंतीचं अंतर मोजाल," म्हणाली. तिचाही जीव टांगणीला लागलाय, म्हणून मनावर घेतलं नाही.

१२ मार्च, पावणेअकरा, विमानात
शेजारच्या बाईंनी मनगटावरचं घड्याळ दीड तास पुढे केलं. बिघडलंय का, विचारलं. त्या म्हणाल्या, तिकडे दिवस आधी उगवतो काका, तिथली वेळच पुढे असते. तिकिटावर पोहोचायची वेळ तिथलीच लिहितात.
भागाकार पुन्हा केला. तोच येतो.
ट्रक असता तर दाबला असता. इथे पायाखाली नुसता गालिचा.

एक वीस. म्हणजे दोन पन्नास
उतरलो. मिनिटाचाही फरक नाही. गणित बरोबर होतं.
हिला फोन लावला. पावणेदोनलाच आत नेलं. शेवटपर्यंत दाराकडे बघत होती म्हणे. बाबा कुठवर आले, विचारलं. ही म्हणाली, "वाटेतच आहेत." बोल लावला नाही मला. लावला असता तर बरं झालं असतं.

तिथल्या घड्याळात सव्वातीन
बंद दारासमोर बसलोय. चार तास लागतील, डॉक्टर म्हणाले. कुठल्या घड्याळाचे चार, ते मी विचारलं नाही. नर्सबाईंना चिठ्ठी दिली, आत नेता येत नाही म्हणून परत केली. म्हणून इथेच लिहितो. चिमे, बाप दाराशी आलाय. शुद्धीवर आलीस की बोलू नकोस, दम लागेल. कुणाच्या तरी हाती एवढंच कळव, की आहेस. लवकर कळव.