हवेलीची विहीर

११ मार्च १९७३

आमच्या बौद्धवाड्यातला आड आटला. बादलीत नुसता चिखल येतो. गावातले आडही तळाला गेलेत. जहागीरदाराच्या हवेलीला बाग होती, म्हणजे विहीर असणारच. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर हवेली पाडली, चिरे लोकांनी नेले, विहीर बुजली. कुठं बुजली, कुणाला सांगता येत नाही. आईला विचारलं. "आमाला कोण आत जाऊ देत हुतं?" म्हणाली.

१४ मार्च

त्रिशरण म्हणून पहार घेतली. मी आणि वाड्यातले लिंबाजी, पंडित. हवेलीच्या मधोमध खणलं. एवढ्या मोठ्या माणसाची विहीर अंगणातच असणार, असं धरून चाललो. चुन्याची फरशी लागली, खाली कोरडी माती. पंडित म्हणाला, "तात्या, जहागीरदार मोटंचे बैल बैठकीत हाणीत हुता का?" लिंबाजी हसून हसून खाली बसला. मला राग आला. पण बोलणं खरं.

१५ मार्च

आज खणलं नाही. नुसता फिरलो. उन्हं कलली तेव्हा भिंतीबाहेर जमिनीचा एक लांब पट्टा दिसला — एका अंगाला उतरता. पहार मारली तर दगडावर मारल्यासारखी उसळली, आणि होती मातीच. मोटेची धाव! किती बैल या उतारावरून गेले असतील? घरातली माणसं गेली, भिंती गेल्या, खुरांनी बडवलेली माती तेवढी राहिली. तिथंच हात जोडले.

चढ संपतो तिथं विहीर.

२ एप्रिल

रोज गाळ काढतोय. गावातलेही टोपली घेऊन येतात. एकेक पायरी वर येते, अशी घडीव की सांध्यात नख जात नाही. आज दिवा ठेवायचा कोनाडा निघाला. आत बोट फिरवलं — काजळी! पाथरवटाचं नाव कुणाला ठाऊक नाही. मन भरून आलं.

७ एप्रिल

ओल लागली.

९ एप्रिल

पाणी. गुडघाभर, नितळ. सगळ्या बाया उतरल्या, आमच्या आणि गावातल्याही. आई वरच्या पायरीशी घागर घेऊन उभी.

"उतर की."

"कुणी घागरीत पाणी वाढणारं हाय का बघते."

मी तिचा हात धरला. सावकाश उतरलो. खाली गेल्यावर तिनं घागर बाजूला ठेवली आणि दोन्ही हात पाण्यात बुडवून बसली.