सुनेच्या ऐवजी मी दिलेलं उत्तर

नर्सम्मा, तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणूनच मराठीत लिहितेय. शाळेत दोन वर्षं कन्नड शिकले तेवढंच. ही अक्षरं वडिलांनी घरी पाटीवर गिरवून घेतली होती, ती अशी म्हातारपणी उपयोगाला येतील असं वाटलं नव्हतं. तुम्ही जाऊनही पंधरा-सोळा वर्षं झाली. मेलेल्या माणसाला कन्नड काय आणि मराठी काय, पण मला हे सोयीचं पडतं. तुम्ही समोर असतात तर अर्ध्यात म्हणाला असतात, "आयितु, झालं तुझं, आता मुद्द्यावर ये." येते. नातीला दिवस गेलेत, पाचवा महिना लागलाय. म्हैसुरात कॉम्प्युटरच्या ऑफिसात जाते, नवरा चांगला आहे, सगळं बरं आहे. पण आशा कार्यकर्ती दोनदा घरी येऊन गेली की धनुर्वाताची सुई राहिलीय, रक्त तपासायचं राहिलंय, मोहल्ल्यातल्या आरोग्य केंद्रात ये, आणि ही जात नाही. मी ओरडले तर म्हणाली, "बेडा अज्जी, मला सुई नको. अम्माला नर्सनंच मारलं ना?" पोरीच्या मराठीत निम्मं कन्नड असतं, पण हे वाक्य कसं स्वच्छ आलं. ती नर्स म्हणजे तुम्ही. पंचवीस वर्षं तुम्ही आमच्या घरात चुकीची सुई देणारी नर्स म्हणून राहिलात, आणि मी राहू दिलं.

येलवालच्या पुढं हुणसूर रस्त्यावरचा आपला तो दवाखाना मला अजून फिनेलच्या वासासकट आठवतो. दोन खोल्या, बाहेर सिमेंटचा बाक, आत कार्डांचं लोखंडी कपाट, त्याचं दार लाथ मारल्याशिवाय उघडत नसे. मी तिथं आया म्हणून लागले तेव्हा सासऱ्यांना पचलं नव्हतं. आमचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते, आणि घरची सून बेडपॅन धुते. हे मी तुम्हाला रडवेली होऊन सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "घोड्यांची लीद कोण काढत होतं, विचार त्यांना." त्यानंतर मी त्या दवाखान्यात कधी रडले नाही, त्या एका दिवसापर्यंत. काम तुम्ही शिकवलंत. काचेच्या सिरिंजा उकळत ठेवल्या की मी तुमच्याकडं बघत बसायचे, कधी काढू म्हणून. एकदा तुम्ही ट्रेच आपटलात. "घड्याळाकडं बघ! माझ्या तोंडावर काटे आहेत का?" मला घड्याळ कळत नाही हे तेव्हा तुम्हाला कळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पेशंट संपल्यावर बाकावर बसवून शिकवलंत, आणि परत त्याबद्दल एक अक्षर काढलं नाहीत.

आणि ते नाव विचारायचं. "अमकीच ना तू, असं नाही विचारायचं. ताप चढलेलं माणूस कशालाही हो म्हणतं. तुझं नाव काय, असं विचार आणि गप्प राहा." बरोबर आलेली सासू नाहीतर नवरा मध्येच बोलायला लागला की तुम्ही पेन खाली ठेवायचात. "दुखतंय कुणाला? तुला की तिला? मग तिला बोलू दे." बायका चिडायच्या. मी दाराआड तोंडाला पदर लावून हसायचे. मला वाटायचं, हे त्या अडाणी बायकांसाठी आहे.

माझी सून त्याच दवाखान्याच्या हद्दीतली, ओढ्यापलीकडच्या गावची. तिचं माहेरचं नाव आणि माझ्या वारलेल्या सासूबाईंचं नाव एकच निघालं. मोठ्या माणसाच्या नावानं सुनेला हाक कशी मारायची, भांडी घास म्हणून कसं ओरडायचं? आमच्यात लग्नात नाव बदलतातच. ताटात तांदूळ पसरले, मुलानं अंगठीनं नवं नाव लिहिलं, ते मीच काढलेलं होतं. रेशनकार्डावर तेच लावलं, दवाखान्यात नवं कार्ड केलं तेही त्याच नावानं. जुनी पोरगी त्या तांदळातच संपली असं आम्ही धरून चाललो. तिचं लहानपणीचं कार्ड त्याच लोखंडी कपाटात, चार खण खाली, जुन्या नावानं पडून होतं, हे कुणाच्या मनातही आलं नाही. तिला आठवत असेल. तिला आम्ही विचारलं नव्हतं.

त्या सकाळी तिचा पाय सुजलेला होता, काटा आत मोडून पू झालेला, अंगात ताप. डॉक्टरांनी पेनिसिलिन लिहिलं. बाहेर रांग होती, पण मी आया, माझी सून रांगेत कशी बसेल? मागच्या दारानं आत आणली. तुम्ही म्हणालात, "चिठ्ठी कुठाय? कार्ड?" मी म्हटलं, "घरच्या माणसाला कसलं कार्ड नर्सम्मा, पाठच आहे मला ते." तरी तुम्ही कार्ड काढायला लावलंत. नवं कार्ड, त्यावर बाळंतपण तेवढं लिहिलेलं. मग तुम्ही सिरिंज हातात घेऊन तिला विचारलंत, तिलाच, "ही सुई आधी कधी घेतलीस? तेव्हा काही झालं होतं?" ती म्हणाली, "लहानपणी एकदा मला..." आणि मी बोलले. "झालं हिचं सुरू! लहानपणी हिला मुंगी चावली तरी गाव गोळा होत होतं. काही झालेलं नाही हो, बाळंतपणात घेतलीय की हिनं." बाळंतपणात तिनं काय घेतलं होतं मला माहीत नव्हतं. काहीतरी टोचलं होतं एवढंच. तुम्ही म्हणालात, "टेस्ट डोस देते, अर्धा तास बसू दे." मी म्हटलं, "बाळ घरी शेजारणीकडं टाकून आलीय, द्या ना, मी आहे ना इथंच." तुम्ही सिरिंज खाली ठेवली नाहीत. दुसरी कुठली सासू असती तर ठेवली असतीत. तिच्याकडं बघितलंत. तिनं माझ्याकडं बघितलं आणि गप्प बसली. तिनं चारचौघांत गप्प बसावं म्हणून मी दोन वर्षं मेहनत घेतली होती.

पुढचं लिहायला मला आवडत नाही, थोडक्यात लिहिते. टेस्ट न करताच तुम्ही पूर्ण सुई दिलीत. तळहात खाजतायत म्हणाली. मग ओठ सुजले. "अत्ते, श्वास..." एवढंच. सासूला ती अत्ते म्हणायची, इथल्यासारखं. तुम्ही कपाटाकडं धावलात, डॉक्टर आले, ट्रेमधली औषधं एकामागून एक गेली. जीप निघाली, म्हैसूर गाठायच्या आधीच परत फिरली. तुम्ही तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. तिचे केस तुम्ही नीट करत होता, मी नाही.

जुनं कार्ड तुम्हीच शोधून काढलंत, तिच्या आईनं छाती बडवत तिला माहेरच्या नावानं हाक मारली तेव्हा. तुम्ही ते मला दाखवलंत. वर लाल शाईनं लिहिलं होतं, हिला पेनिसिलिन द्यायचं नाही, आणि अक्षर तुमचं होतं. सात-आठ वर्षांची असताना तुम्हीच तिला वाचवलेलं. ते कार्ड तुम्ही फाडून चुलीत घातलं असतंत तर कुणाला कळलं नसतं, मी तर तेच केलं असतं. तुम्ही ते चौकशीच्या फाइलला लावलंत. चौकशीला दोन साहेब आले. मला विचारलं, "सिस्टरनी पेशंटला आधीच्या त्रासाबद्दल विचारलं होतं का?" माझ्या कडेवर तिची दीड वर्षाची पोर, हीच नात. मी म्हटलं, "मी ट्रे धूत होते सार, माझ्या कानावर नाही आलं." तुम्ही माझ्याकडं एकदाच बघितलंत. रागानं बघितलं असतंत तर बरं झालं असतं. साहेबांना तुम्ही एवढंच सांगितलंत की मी विचारलं होतं. उत्तर कुणी दिलं ते सांगितलं नाहीत. पोरीकडं बघून गप्प बसलात की मी नाव घ्यायच्याही लायकीची उरले नाही म्हणून, हे मला आजही ठरवता येत नाही.

तुमची बदली बेट्टदपुरच्या बाजूला झाली. म्हैसूरहून बस असते, रोज असते. गेले नाही. पहिल्या वर्षी म्हणायचे पोर लहान आहे. मग म्हणायचे आता काय तोंडानं जायचं. मग एका बाईनं बाजारात सांगितलं, ती नर्स वारली. मी भाजी घेऊन घरी आले, सांबार केलं. मीठ विसरले, मुलगा अळणीच जेवून उठला. तो तसाही काही विचारत नाही.

काल संध्याकाळी नातीला बसवून सांगितलं. नाव बदललेलं, दोन कार्डं, लाल शाई. तुझ्या आईला जी सुई बाधली ती ही नव्हे, पण तिथं गेलीस की आईचं सगळं तू स्वतःच्या तोंडानं सांग, नवऱ्याला बोलू देऊ नकोस. पोर रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "म्हणजे नर्सनं विचारलंच नव्हतं?" मी म्हटलं, "विचारलं होतं. चांगली बाई होती ती." हे म्हणायला मला पंचवीस वर्षं लागली, आणि म्हटल्यावर छातीवरचं काही हललं नाही. आज सकाळी पोर स्वतःच्या तपासणीची फाइल काखेत घेऊन केंद्रात गेली. मी हे तेव्हापासून लिहितेय. कुठं पाठवायचं ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट राहिलीय. चपला घालता घालता तिनं विचारलं, "अज्जी, नर्सनं विचारलं तर मग अम्मानं का नाही सांगितलं?"

"लाजरी होती गं तुझी आई," मी म्हटलं.

लाजरी नव्हती ती, नर्सम्मा.