मालक कोण?

११ जून
झालं! झालं! झालं! ऑफिसच्या फाईल्स बघायला मी बनवलेल्या टूलमध्ये 'मालक' कॉलम आला — विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर! फाईल कोणाची, ते नाव समोर हजर. विंडोजवर निम्म्या फाईल्सचा मालक 'ॲडमिनिस्ट्रेटर्स' दाखवतंय, ते बघू नंतर. साहेब खूश. मामा — आमचे सीनियर ॲनिमेटर, अख्ख्या ऑफिसचे मामा — म्हणाले, "म्हणजे आता चोरून गेम टाकायची सोय राहिली नाही!" ताईचं नुसतं "छान". सख्खी बहीण, शेजारच्याच टेबलावर बसते, आणि एवढंच कौतुक!

१३ जून
राडा. जुन्या मशीनची डिस्क नव्या सर्व्हरला लावली, तर जाहिरातीचा शेवटचा सीन गायब. त्याच नावाने रिकामी फाईल सेव्ह केलेली! साहेबांनी माझंच टूल उघडलं. मालक: मामा.
"मी हात लावलेला नाही."
"मग हे काय, खोटं बोलतंय?"
सगळे माझ्याकडे बघायला लागले. मशीन कशाला खोटं बोलेल?
साहेबांनी मामांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

१४ जून
जेवण गेलं नाही. ताईनेही डबा तसाच परत आणला.

१५ जून
अगं आई गं! खोटंच बोलतंय! लिनक्स फाईलवर नाव लिहितच नाही — नुसता नंबर. नाव दिसतं ते आपण ज्या मशीनवर बसून बघतो तिथलं. या फाईलवर १००३, आणि नव्या सर्व्हरवर १००३ म्हणजे मामा. पण फाईल जुन्या मशीनवरची, तिथला १००३ भलताच कोणी असणार! धावत साहेबांकडे. ते डोकं धरून बसले. मग माझ्यासमोरच फोन लावला, "मामा, चुकलं माझं. या तुम्ही."
आता दुसऱ्या मशीनची डिस्क असेल तर टूल नुसता नंबर दाखवणार. माहीत नाही तर माहीत नाही!

१६ जून
मामा आले!! मी रडलेच. ते म्हणाले, "अगं, दोन दिवस मस्त झोपलो."
साहेब मात्र पेटलेत. "डिस्क परत लावून जुनं मशीन चालू कर. जो कोणी १००३ असेल त्याला घरी बसवतो. मामांचा अपमान झाला तरी तोंड उघडलं नाही त्याने!"
मामा हळूच म्हणाले, "जाऊ दे ना पोरी. सीन मी परत करून देतो."
नाही! खरं कळायलाच हवं.

१७ जून
मशीन चालू केलं. १००३ — ताई.
अजून कोणाला बोलले नाही. पण केबिनमधून तिचाच आवाज येतोय. "साहेब, मीच."